सूट-अर्जावरचा शिक्का

"शिक्का माझाच आहे, पण तो मी मारलेला नाही!"

विद्यापीठातली संशोधक डॉ. ओनुकी चिसा हिने कागद टेबलावर ठेवला. खासगी गुप्तहेर कुगाबाईंनी शांतपणे चष्मा पुसला. त्यांचे मदतनीस हामासाकी मात्र गोंधळले. पोलिसात तीस वर्षं काढलेला हा माणूस. जपानात सहीच्या जागी शिक्काच चालतो; तो हिचाच, मग तक्रार कसली, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

"पहिल्यापासून सांग, पोरी," कुगाबाई म्हणाल्या.

"आमच्या विद्यापीठाचा नियम आहे. संशोधकाचा लेख कुठल्याही मासिकात येवो, एक प्रत विद्यापीठाच्या संग्रहात जाते. ती कोणीही फुकट वाचू शकतं. ज्याला ते नको, त्यानं सूट-अर्ज द्यायचा. माझ्या नावानं कोणीतरी तो दिलाय. आज पाचला ग्रंथालय तो पक्का करणार. मग सगळे हक्क प्रकाशकाचे आणि लेख कुलपात, पैसे भरेल त्यालाच दिसणार."

"लेख कशावर आहे?"

"कुरोउराच्या खाडीतल्या कालवांत विष उतरलंय. ती खाऊन पोरांचे हात थरथरायला लागलेत. गावाला मी शब्द दिलाय, की तुम्हाला वाचता येईल."

"ग्रंथालयाला सांग की, अर्ज खोटा आहे!" हामासाकी म्हणाले.

"सांगितलं. शिक्का खरा तर अर्ज खरा, म्हणतात."

"आणि तुझा शिक्का असतो कुठं?"

चिसाने मान खाली घातली. "कार्यालयाच्या खणात. सगळ्यांचेच असतात. किरकोळ कागदांवर कार्यालयच मारून टाकतं."

"वा! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" हामासाकी उद्गारले.

कुगाबाईंनी अर्ज न्याहाळला. तळाशी दोन चौकटी होत्या. डावीकडे विभागप्रमुखांचा शिक्का, उजवीकडे चिसाचा, जरासा डावीकडे कललेला. मग त्यांनी कामाचा करारनामा काढला, डावीकडे स्वतःचा शिक्का मारला आणि कागद चिसापुढे सरकवला. कार्यालयातून परत घेतलेला शिक्का तिने पर्समधून काढून मारला. तो अगदी सरळ उमटला.

विद्यापीठात तिघांची जबानी झाली. प्रत्येक जबानीवर कुगाबाई आधी डावीकडे आपला शिक्का मारत आणि शेजारी समोरच्याला मारायला लावत.

विभागप्रमुख इसोगाई, सगळ्यांचे 'सेन्सेई' म्हणजे गुरुजी, भडकलेच. "रोज सकाळी चाळीस कागद येतात! मी काय वाचत बसू? मारतो शिक्का, संपलं!" रागाच्या भरात त्यांचा शिक्का चक्क उलटा उमटला. चिसाचा लेख ज्या मासिकात येणार होता, त्याच्याच संपादक मंडळावर ते होते. हामासाकींनी मनातल्या मनात त्यांना बेड्याही घातल्या.

ग्रंथालयाच्या शीनाबाई फणकारल्या, "सूट-अर्ज वाढले तर माझाच संग्रह ओस पडेल. माझ्याच पायावर मी कशाला धोंडा मारून घेऊ?" त्यांनी शिक्का नखाने चाचपला आणि काटेकोर सरळ मारला.

कार्यालयप्रमुख निशिवाकी चहा घेऊनच आले. अठ्ठावीस वर्षं बँकेत काढून ते इथे आले होते. चिसाला पहिल्या दिवसापासून त्यांनी लेकीसारखं सांभाळलं होतं.

"पोरीवर काय प्रसंग आला हो!" ते हळहळले.

"सुट्टीत कुठं जाता, निशिवाकीसान?"

"गावी, धाकट्या भावाकडं. त्याची समुद्रात कालवांची शेती आहे. लहानपणापासून तेच खाल्लंय."

त्यांचा शिक्का किंचित डावीकडे कलून उमटला. हामासाकींना वाटलं, वय झालं बिचाऱ्याचं.

साडेचारला कुगाबाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"गुन्हेगार त्याच्या अदबीमुळे सापडला," त्या म्हणाल्या. "बँकेत नव्या पोरांना शिकवतात, की साहेबाच्या शिक्क्याशेजारी आपला शिक्का ताठ मारू नये. साहेबाच्या बाजूला जरा कलता मारावा, नमस्कार केल्यासारखा. हा अर्ज बघा. चिसाचा शिक्का सेन्सेईंना नमस्कार करतोय. पण चिसा स्वतः मारते तेव्हा तो खांबासारखा उभा असतो. सेन्सेई रागाच्या भरात उलटाही मारतात. शीनासान नखानं चाचपून सरळ मारतात. एकाच माणसाचा शिक्का माझ्यापुढंही झुकला, आणि मी तर कोणाचीच साहेब नाही. खणाची किल्ली त्याच्याकडं. कालवांची शेती त्याच्या भावाची."

चिसाने निशिवाकींकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"निशिवाकीसान... तुम्ही?"

ते कमरेत वाकले ते वर उठलेच नाहीत. "तुझ्या प्रवासाच्या कागदांवर कुरोउरा दिसलं. लेखाच्या नावात 'विष' दिसलं. पुढं वाचायची हिंमत झाली नाही, बाळ. पेपरवाल्यांना फुकटात मिळालं असतं, तर भावाचं एक कालव विकलं गेलं नसतं. महागड्या मासिकात चार विद्वान वाचतील, संपेल, असं वाटलं. सेन्सेईंच्या गठ्ठ्यात मीच अर्ज सरकवला."

शीनाबाईंनी अर्जावर 'रद्द' लिहिलं. हामासाकींना अजून पटेना. इतका भला माणूस!

चिसा उठून निशिवाकींसमोर आली. "त्या गावात मला दारोदार कोण घेऊन फिरलं, माहितीय? तुमचा भाऊ. तुम्हा दोघांचं आडनाव एकच, आणि मला मूर्खाला कधी सुचलंच नाही! तो म्हणाला, 'धंदा बुडाला तर बुडू दे. पण आपण पोरांना काय भरवतोय, ते आम्हाला कळलं पाहिजे.' तपासायला पहिलं रक्त त्यानं आपल्या नातवाचं दिलं."

निशिवाकी ताडकन सरळ झाले.

"हारुमाचं? काय निघालं त्यात?"

चिसाने पिशवीतून लेख काढला, मुलांच्या रक्ततपासणीचं चौथं पान उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं.