दक्षिणेला घर नव्हतं

गणपती गेले की विमल चित्रेचं काम सुरू व्हायचं. पेणजवळच्या जोहे गावात, मूर्तींच्या कारखान्यांत तेव्हा सामसूम असायची. रंगाचे डबे आडवे पडलेले, आणि मागच्या परसात ड्रम, साचे, फुटक्या बादल्या, सगळ्यांत पावसाचं पाणी. त्या पाण्यात डास, आणि डासांमागून ताप. साधासुधा नव्हे. डोळ्यांमागे ठणका, मग अंगावर लाल ठिपके, आणि नशीबच फुटकं असेल तर हिरड्यांतून रक्त. आरोग्य खात्यात विमलची हयात गेली होती. रोह्याच्या कचेरीत तिने भिंतीवर वर्षावर्षाच्या तापाच्या रेघा काढून लावल्या होत्या. प्रत्येक रेघ भाद्रपदानंतर चढायची आणि थंडी पडली की उतरायची. ताप ऋतू पाळतो, माणसंच काही पाळत नाहीत, असं ती म्हणायची.

पाणी ओतता येईल तिथे ओतायचं, नाही तिथे गप्पी मासे सोडायचे. बोटाच्या पेराएवढे मासे, पण डासांच्या अळ्यांचा फडशा पाडतात. विमल ते रोह्याहून डब्यातून आणायची. त्यातलेच थोडे तिच्या धाकट्या बहिणीने, मालतीने, काचेच्या बरणीत घालून रोह्याच्या घरी स्वयंपाकघरात ठेवले होते. मालती शाळेत विज्ञान शिकवायची. दोघींची लग्नं राहून गेली होती आणि एकीचं दुसरीवाचून पान हलत नव्हतं.

जोह्यातली सगळ्यात मोठी सिमेंटची टाकी इंदुबाईच्या कारखान्यामागे होती. इंदुबाई मूर्तींचे डोळे आखायची. कोण कुठे बघतंय हे तिला पटकन कळायचं. जन्म त्यातच गेला होता ना.

"विमलबाई, तुमचं मासं सगलं एकाच अंगाला बघतात गो," ती एकदा म्हणाली. "सकालपासून हौसाच्या घराकडं तोंड करून हायेत."

विमलने वाकून पाहिलं. खरंच, सगळे मासे ओळीने, शेपट्याही न हलवता, शेजारच्या हौसाच्या पडवीकडे तोंड करून होते. तिने काठीने पाणी ढवळलं. मासे उधळले, आणि पाणी निवळलं तसे परत वळले. ऊन म्हणावं तर आभाळ भरलेलं, वारा म्हणावा तर पान हलत नव्हतं.

"हौसाला सांगू का?" इंदुबाईने विचारलं.

"काय सांगणार? मासे बघतात म्हणून? लोक वेड्यात काढतील आपल्याला."

त्याच आठवड्यात हौसाला ताप भरला. गावठी काढे झाले, अंगारा झाला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत नाकातून रक्त सुरू झालं होतं. ती गेली. तिला पोचवून माणसं परतली तेव्हा टाकीतले मासे मोकळे झाले होते, वाटेल तसे हुंदडत होते.

पुढे ते पलीकडच्या आळीतल्या कान्हूच्या घराकडे वळले. याही वेळी विमलने कोणाला काही सांगितलं नाही, पण रोज कान्हूच्या दारात जाऊन उभी राहिली. अंग कोमट लागताच त्याला गाडीत घालून पेणला नेलं. "मना काय झालंय? कंपनीत शिफ्ट हाय माजी," म्हणून तो कुरकुरला. वाचला. घरी आला त्या दिवशी मासे सुटले.

त्यानंतर विमल जोह्याला आली की आधी टाकीकडे जायची. कचेरीत कोणाशी एक अक्षर बोलली नाही. रेघा काढणारी बाई माशांचं काय बोलणार? पण तिचा जीव टाकीत अडकला होता.

दिवाळी जवळ आली. ताप उतरणीला लागला होता. एका दुपारी इंदुबाईने तिला हाताला धरून मागे नेलं. मासे पुन्हा ओळीत उभे होते. पण दक्षिणेला.

दक्षिणेला घर नव्हतं. कारखाना गावाच्या टोकाला, त्यापलीकडे कापणीला आलेलं भात, बांध, आणि लांबवर डोंगर.

"तिकडं तर कोणीच नाय," इंदुबाई म्हणाली.

विमलच्या मनावरून एवढं मोठं ओझं उतरलं की ती तिथेच दगडावर बसली. इंदुबाईने चहा आणला. सुटलो आपण, असं दोघींनाही वाटलं. तेवढ्यात मालतीचा फोन आला, नेहमीसारखाच, काही काम नसताना.

"ताई, येताना पेणहून पापड आण. आणि तुझे मासे फार लाडावलेत हं. मी जाईन तिकडे बघत बसतात. भूक लागते वाटतं, मी आपली चिमूट चिमूट घालते."

विमलने समोर पाहिलं. भाताच्या वर डोंगर होते, आणि त्या डोंगरांपलीकडे रोहा.

ती मिळेल त्या एसटीने घरी आली. मालती ठणठणीत. वेताच्या खुर्चीत बसून वह्या तपासत होती. बरणीतले मासे तिच्याकडे तोंड करून होते.

"अशी काय बघतेस? मला काय धाड भरलीय?"

विमलच्या ओठांवर आलं होतं. पण विज्ञानाच्या बाईला काय सांगायचं? ती हसली असती, वर्षभर चिडवलं असतं. विमलने नुसता कपाळाला हात लावून पाहिला, आणि चार दिवस घरी काढून कामावर गेली.

मालतीला त्याच दिवशी कणकण आली. ताईला उगाच घोर नको म्हणून तिने दुखणं थांबवायच्या गोळ्या घेऊन ताप दाबला आणि शाळेत जात राहिली. त्या तापात त्या गोळ्या विष असतात. विमलला कळलं तेव्हा मालतीच्या दंडावर लाल ठिपके उमटले होते.

एक वाक्य. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं, आणि हसणं सोसायचं होतं.

दिवस-कार्य उरकलं, पाहुणे गेले. विमल स्वयंपाकघरात एकटी पाटावर बसली. समोर बरणी.

हौसा गेली तेव्हा मासे सुटले होते. हे सुटले नव्हते. ते मालतीच्या खुर्चीकडे तोंड करून होते.

तिने बरणी फिरवली. मासे खुर्चीकडे वळले.

तिने खुर्ची उचलून घराबाहेर पुढच्या ओट्यावर नेऊन ठेवली, दार लोटलं, परत येऊन पाहिलं. मासे ओट्याकडे बघत होते.

ती पुन्हा पाटावर बसली. मग म्हणाली, "मालती, मी सांगायला हवं होतं गं."

बरणीतले मासे हलले. सगळे एकदम, हळूहळू. ओट्याकडून दाराकडे. दाराकडून माजघराकडे. माजघराकडून स्वयंपाकघराच्या उंबरठ्याकडे. आणि विमलच्या डाव्या अंगाला, पाटाच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे तोंड करून थांबले.

विमलने तिकडे पाहिलं नाही. ती जराशी सरकली, आणि जागा करून दिली.