कुठे चुकतो ते सांगणारा दिवा

देवगडचा हापूस. सोनेरी साल, घमघमाट सुटलेला. हावरटासारखा कापावा, तर आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर! याला म्हणतात साका. आता सांगा, आंबा न कापता आतला साका ओळखायचा कसा?

केतकीच्या वैजूआत्याने २०४३ साली हे कोडं सोडवलं. आत्या प्रकाशशास्त्रज्ञ होती. तिने बनवलेल्या दिव्यावर आंबा ठेवला, की त्यातून अवरक्त प्रकाश (लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) आरपार जातो. साका असला, तर तिथल्या हवेच्या बारीक पोकळ्यांवर आपटून तो इकडेतिकडे विखुरतो. पलीकडे कमी प्रकाश पोहोचला, की दिव्याची कडा लाल होते, नाहीतर हिरवी. एवढं करूनही आत्याला तोरा म्हणून नव्हता.

अडचण वेगळीच होती. बागायतदारांच्या मेळाव्यात दिव्याला मागणी आली नाही, तर आत्याला कार्यशाळा बंद करून बंगळुरूच्या जुन्या नोकरीवर जावं लागणार होतं. केतकीला हे मुळीच चालणार नव्हतं.

"‘कधीच न चुकणारा जादुई दिवा!’ कशी वाटते जाहिरात?" मिठ्ठूने विचारलं. मिठ्ठू म्हणजे आत्याचा यंत्रमानव.

"झकास!" केतकी म्हणाली.

"पण तो चुकतो ना," आत्या म्हणाली. "फार पिकलेल्या आंब्यात त्या पोकळ्यांत रस भरतो. मग प्रकाश विखुरत नाही आणि दिवा फसतो."

"अगं, हे सांगितलं तर घेईल कोण?"

"केतू, प्रत्येक मोजमापात थोडी त्रुटी (मोजलेलं आणि खरं यांतला फरक) असतेच. ती कुठे आहे हे माहीत असलं, की यंत्र वापरता येतं. आपण लपवली, तर बागायतदार नेमका तिथेच आपटेल."

केतकीला हे अर्धंच पटलं. तरी तिने मोठ्या अक्षरांत पाटी रंगवली: ‘फार पिकलेला आंबा असेल तर हा दिवा चुकतो.’ मग तिलाच एक खेळ सुचला. देवगडात प्रत्येक बागायतदाराचा भरवसा आपल्या बागेवर आणि आपल्याच नाकावर! तेव्हा आंबा ज्याचा त्याने आणायचा, आधी हुंगून सांगायचं, मग दिवा सांगणार आणि शेवटी सगळ्यांसमोर आंबा कापायचा.

मेळाव्यात ही गर्दी उसळली! नाकं हरत होती, दिवा जिंकत होता, हशा पिकत होता. एवढ्यात दाजी घाडी नावाचे एक जुने बागायतदार पुढे आले. त्यांनी आंबा हुंगला आणि "साको आसा," म्हणाले. दिवा मात्र हिरवा झाला. आंबा कापला, तर आत साका!

पण आंब्याची साल सुरकुतली होती, हे केतकीने पाहिलं. ती धीर करून म्हणाली, "हा फार पिकलाय, दाजी. दिवा इथे चुकतो. पाटीवर लिहिलंय आम्ही."

"वाचलंय मी," दाजी हसले. "म्हणान तर मुद्दाम असलो आंबो आणलंय. पाटयेर लिवलास ता खरा काय ता बघूक! खंय (कुठे) चुकता ता तुमी खरा सांगितलास. मगे खंय चुकना नाय, ता पण खराच आसतला. माका एक दिवो होयो."

त्यांच्यामागोमाग इतरांनीही नावं नोंदवली. आत्याचे डोळे भरून आले. दाजी निघता निघता म्हणाले, "माझ्याकडचे सगळे फार पिकलले आंबे धाडून देतंय. दिव्याक शिकवा."

"शिकेल का गं तो?" केतकीने विचारलं.

"शिकेल की. प्रत्येक आंबा कापून दिवा का फसला ते बघायचं आणि त्याला सुधारायचं."

"म्हणजे आता तू जाणार नाहीस ना?"

आत्याने तिला जवळ ओढलं. "कशी जाऊ? एवढे आंबे कापायला दोघी तरी लागतील."