येतो

गणनेचा पहिला नियम मी तीस वर्षे निष्ठेने पाळत आलो होतो : एक मनुष्य एकाच ठिकाणी मोजावा, आणि जिथे प्रत्यक्ष दिसेल तिथेच मोजावा.

ते गाव रस्त्याच्या शेवटी होते. घरे अडतीस. दिवसातून एक बस दुपारी येई आणि तशीच परत फिरे. वस्ती दोनशेहून एकानेही कमी भरली तर बस बंद, असा आदेश निघाला होता. माझी धाकटी बहीण तिथेच राहत असे. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घेण्यासाठी तिला शहरातील रुग्णालयात जावे लागे, आणि त्या बसवाचून अन्य वाहन नव्हते. म्हणूनच ती गणना मी मागून घेतली होती.

सुताराच्या घरात त्याच्या पत्नीने पाच माणसे सांगितली. मला तीन दिसली.

"बाकीचे दोघे?"

"मुलं कामाला गेलीत. येतो म्हणालीत."

"किती दिवस झाले?"

"नऊ वर्षं." मग माझ्या मुद्रेकडे पाहून ती किंचित हसली. "मास्तर, घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणतं का?"

मी तीनच लिहिले. उंबऱ्यापाशी मात्र पादत्राणांचे पाच जोड होते, आणि त्यांतील दोहोंचा चिखल ओला होता.

पुढेही तसेच घडत गेले. प्रत्येक घरी कुणीतरी 'येतो' म्हणून गेलेले होते, आणि प्रत्येक घरी त्यांची ताटे घासून पालथी घातलेली होती.

दुपारी मी थांब्यावर उभा राहिलो. बस आली. आत एकही प्रवासी नव्हता. तरी वाहकाने दार उघडून बराच वेळ धरून ठेवले.

"कुणासाठी थांबलात?" मी विचारले.

"अकरा तिकिटं फाडलीत, साहेब. उतरायला वेळ लागतोच."

वारा पडलेला होता. दाराखालची धूळ थोडी थोडी उठली आणि घरांच्या दिशेने जाऊन बसली.

सायंकाळी बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून मी बेरीज केली. एकशे नव्याण्णव. पुन्हा केली. तितकीच.

"दादा, स्वतःला धर ना. एकानं काय बिघडतंय?"

"मी इथला नव्हे."

"माझं घर तुझं नाही होय?"

तिच्या दंडावर सुयांचे निळे डाग होते. मी ते पाहिले, आणि एकशे नव्याण्णवच लिहिले. दुसऱ्या दिवशी बस आली तेव्हा तिने माझी छत्री आठवणीने हातात दिली.

तिच्या घराची पायरी उतरताना जन्मभराच्या सवयीने मी म्हणालो, "येतो."

"नक्की?"

"म्हटलं ना, येतो."

महिन्याने तिचे पत्र आले.

"दादा, बस चालू राहिली. फेरमोजणीला एक बाई आल्या होत्या. बरोबर दोनशे भरले. तू पायरीवर बसला होतास, त्यांनी तुला मोजलं. रोज दुपारच्या गाडीनं येतोस, जिवाला बरं वाटतं. बोलत तेवढा नाहीस. रागावलायस का माझ्यावर?"

गुडघ्याच्या दुखण्याने मी तो महिनाभर घराबाहेर पडलो नव्हतो. तरी वाकून खाटेखाली पाहिले.

माझ्या जोड्यांचा चिखल ओला होता.

तेवढ्यात दार वाजले. आमच्या गल्लीतील गणना त्याच दिवशी होती. पत्नीने दार उघडले. मी तिच्या मागे, चार पावलांवर, खुर्चीत बसलो होतो.

"घरात माणसं किती?"

"मी एकटीच."

"अगं," मी म्हणालो.

तिने वळून पाहिले नाही.

"आणि यजमान?"

"हे बाहेर गेलेत," ती शांतपणे म्हणाली. "येतो म्हणालेत."