चैत्रातली भरती

चैत्रात तापीत वाचण्यासारखं काही नसतं. तरी हिंमतराव रोज सकाळ-संध्याकाळ प्रकाशा गावचा घाट उतरायचे, तळाशी ठोकलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीपाशी उकिडवे बसायचे, आणि पाणी काल होतं तिथंच आहे एवढं पाहून गुडघ्यावर हात टेकत उठायचे. नदीचं पाणी मोजणं ही त्यांची सरकारी नोकरी. गेल्या साली, एकोणसाठच्या महापुरात, याच पट्टीसाठी ते भिजत उभे राहिले होते. तेव्हा अंगात शिरलेला शीण झोपेनं उतरत नव्हता, जेवणानं उतरत नव्हता. उतरायचा तो फक्त कीर्तनात.

म्हणून यंदाचा सप्ताह वाळूत बसला याचा आनंद त्यांच्याइतका कुणाला झाला नसेल. नदी आटली की घाटाखाली वाळूचं मोठं मैदान मोकळं होतं. तिथं मांडव पडला. भाईदासबुवा आले. बुवांचा आवाज म्हणजे तापलेल्या दुधावरची साय. पूर्वरंगात ते एकेक ओवी सोडवत जायचे आणि ऐकता ऐकता माणसाच्या खांद्यावरचं ओझं कुणी अलगद उतरवून घ्यावं तसं व्हायचं. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी लावलेला अखंड दिवा सांभाळायचं काम जसोदाबाईंकडे, म्हणजे हिंमतरावांच्या बायकोकडे आलं होतं. काल्याच्या दिवसापर्यंत तो दिवा विझू द्यायचा नाही आणि जागेवरून हलवायचा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नाही. पण तिनं देवाकडं तोंड वाकडं केलं नव्हतं. दिवा मिळाला तेव्हा मात्र ती लहान मुलीसारखी हसली होती.

त्या दिवशी सकाळी बुध्या नावाडी हाका मारत आला.

"भाऊसाहेब, आपला भोपळा परत उनात."

प्रवाहाचा वेग मोजायला ते वाळलेले भोपळे वापरायचे. चुन्याचे पट्टे मारलेले भोपळे नदीवर आडव्या बांधलेल्या दोन दोऱ्यांपैकी वरच्या दोरीपाशी पाण्यात सोडायचे, खालच्या दोरीपाशी बुध्यानं डोंगीतून ते धरायचे. पुरात निम्मे हातून निसटत आणि सुरतेच्या वाटेला लागत. त्यांचा कुणी विचार करत नसे.

"वरून कुठून आले असतील. अडकले असतील झुडपात."

"वरथून नही ना. खालथून उनात."

हिंमतराव डोंगीत बसले. गावाजवळच्या संगमाच्या खाली, पाणी पश्चिमेला वाहत होतं आणि त्या पाण्यावरून पूर्वेला, त्यांच्या दिशेनं, चुन्याच्या पट्ट्यांचे भोपळे एका ओळीत येत होते. घाई नाही, हेलकावा नाही. दिंडीतले वारकरी चालावेत तसे.

बुध्यानं एक उचलला आणि लगेच टाकून दिला. हिंमतरावांनी तो पुन्हा घेतला. चुना त्यांच्याच हातचा होता. पण खालच्या अंगाला बारीक पांढऱ्या शिंपल्यांचा खरबरीत थर चिकटला होता.

"हाई काय शे?" बुध्यानं विचारलं. त्यानं समुद्र पाहिला नव्हता.

हिंमतरावांनी पाहिला होता. नोकरीला लागताना त्यांना बंदरावर शिकायला पाठवलं होतं. तिथं एका विहिरीसारख्या हौदात तरंगता डबा असे, डब्याला दोरी, दोरीला लेखणी, आणि ती लेखणी भरती-ओहोटी कागदावर ओढत बसे. शिकवणारे साहेब एकदा म्हणाले होते, समुद्राच्या तळाशी भूकंप झाला की एक लाट निघते. भर समुद्रात ती जहाजाला कळतसुद्धा नाही. वरून सगळं शांत असतं. पण तिच्या वाटेतल्या बंदरावरची लेखणी उडी मारते, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. तारेवर तार येत जाते आणि माणसं घरी बसून ती न दिसणारी लाट बोटानं नकाशावर सरकवत नेतात. ती पोचण्याआधी किनाऱ्यावरचं पाणी मागे हटतं, हे साहेबांनी दोनदा सांगितलं होतं.

डोंगी काठाला लागली तेव्हा पट्टी पूर्ण उघडी पडली होती. तिच्याखालचा, कधी न दिसलेला हिरवा दगड उन्हात चमकत होता.

टपाल कचेरीत पोस्टमास्तर शांतीलाल पान लावत बसला होता.

"या हिंमतराव. तुमच्यासाठी दोन तारा. खालची ठाणी येडी व्हई गयी."

पहिली तार पाणी मोजणाऱ्या पार खालच्या ठाण्याची, गुजरातेतून: पाणी अचानक उतरलं, कारण कळत नाही. दुसरी त्याच्या वरच्या ठाण्याची: तेच. हिंमतराव तारांकडं पाहत असतानाच यंत्र टकटकलं. शांतीलालनं लिहून घेतलं आणि भुवया चढवल्या. तिसरं ठाणं. प्रकाशाच्या लगेच खालचं.

"काय वो, तापी उलटी वाही ऱ्हायनी का? का तुम्ही समदा पट्टीवाला मिळीसन भांग पिनात?"

हिंमतराव हसले नाहीत. ठाण्यांमधलं अंतर त्यांना पाठ होतं. जे काही येत होतं ते दुपार कलताना प्रकाशाला पोचणार होतं. त्या वेळी अख्खं गाव वाळूत कीर्तनाला बसलेलं असणार होतं.

ते पोचले तेव्हा उत्तररंग सुरू झाला होता. मांडव गच्च भरला होता. आरतीआधी कीर्तनातून उठायचं नाही, हा तिथला दंडक. आजारी माणूससुद्धा उठत नसे. हिंमतराव कडेनं पुढं गेले आणि बुवांच्या पायाशी वाकून हळूच बोलले. पुढची दोन-चार माणसं मान वळवून बघू लागली.

"चैतमा पूर?" कुणीतरी म्हणालं, आणि खसखस पिकली. "भाऊसाहेबले गया सालना पूर अजून सपनमा येस!"

बुवांनी टाळ थांबवले नाहीत. हिंमतरावांच्या चेहऱ्याकडं ते क्षणभर पाहत राहिले. मग हात वर करून म्हणाले, "मायबाप, आज देवाला राऊळात जायची इच्छा झालीय. देव चालला तर आपण बसून कसं राहायचं? उठा. दिंडी निघू द्या. आरती केदारेश्वराच्या ओसरीवर."

वीणेकऱ्यानं वीणा छातीशी धरली आणि तो पुढं झाला. टाळ वाढले. विठ्ठल विठ्ठल म्हणत सगळा मांडव उठला आणि पाऊल टाकत घाट चढू लागला. कुणी पळालं नाही, कुणी धक्का दिला नाही. दंडक मोडला नाही आणि वाळू रिकामी झाली. हिंमतरावांचे डोळे भरून आले. अशा माणसाच्या पायावर डोकं ठेवावं, असं त्यांना वाटलं.

बायका मागून येत होत्या. वरच्या पायरीवर उभं राहून ते एकेक चेहरा पाहत होते. सुगंधाबाई आल्या, सरलाबाई आल्या.

"आमची कुठं आहे?"

"ती मन्हा बराबरच व्हती," सुगंधाबाई म्हणाल्या. "मंग म्हने, दिवा एकला शे."

हिंमतराव वळले.

रिकाम्या मांडवात, चौरंगापुढं जसोदाबाई बसली होती. वाऱ्यानं ज्योत थरथरू नये म्हणून तिनं ओंजळ आडवी धरली होती.

"अवं! ऊठ! वर ये!"

"दिवा हालाडता येस का?" ती तिथूनच म्हणाली. आवाज अगदी घरातला. "तुम्ही जा. आरती व्हई की मी येस."

"जसोदा, पाणी येतंय!"

तिनं नदीकडं पाहिलं. नदी हाताएवढी उरली होती. ती हसली आणि तिनं वात पुढं सारली.

हिंमतराव घाट उतरू लागले. मधल्या पायऱ्यांवर आले असतील, तेव्हा वारा पडला.

टाळ ऐकू येत होते, पण खूप दुरून. कावळे गप्प झाले. हवेला एक वास आला, बंदरावरच्या हौदाचा.

पाणी आलं नाही.

खालच्या पायरीवर निंबाचा वाळका पाला साचला होता. तो उचलला गेला. वाऱ्यानं उडतो तसा नाही. सगळा एकाच पातळीवर, सपाट, हलके हेलकावे घेत. मग त्याच्या वरच्या पायरीचा. मग त्याच्याही वरचा. नारळाची करवंटी, विडीचं थोटूक, कुणाची विसरलेली फुलांची परडी. सगळं हवेत तरंगत पायरी पायरीनं वर येत होतं.

इतकी वर्षं पातळी वाचणाऱ्या त्यांच्या डोळ्यांनी नकळत पातळी वाचली.

ती त्यांच्या पायाच्या एक पायरी खाली थांबली.

ते ओरडले. स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला नाही.

खाली मांडवाचं कापड संथपणे वर फुगलं. जसोदाबाईचा पदर खांद्यावरून सुटला आणि डोक्याच्या वर पसरला. अंबाडा उलगडला. केस एका बाजूला, पूर्वेला वाहू लागले.

दिवा जळत होता. ज्योत पूर्वेला आडवी झाली होती.

तिची ओंजळ तशीच होती.

किती वेळ गेला, हिंमतरावांना सांगता आलं नसतं. पुढं कधीतरी पाला खाली बसू लागला, जसा चढला तसाच, पायरी पायरीनं. कावळा ओरडला. ते धावले, वाळूत पडले, उठले.

तिचं लुगडं कोरडं होतं. केस कोरडे होते. ती अंबाडा बांधत होती.

"काय व्हयनं? इतलं कसाले दमी गयात?"

"तुला काही झालं नाही?"

"माले काय व्हवाले?" मग जरा थांबून, "थोडं गार वाटनं. बरं वाटनं." तिनं दिव्याकडं पाहिलं. "विझू नही दिधा."

वरून आरतीची घंटा वाजली. संध्याकाळी शांतीलालनं निरोप पाठवला: वरच्या ठाण्याचीही तार आली, पाणी उतरलं आणि पुन्हा चढलं. त्याच्या वरच्याचं काही कळलं नाही. गावात चार दिवस थट्टा झाली. बुवांनी काल्याच्या कीर्तनात हिंमतरावांना पुढं बोलावून हार घातला, मग थट्टाही थांबली. कचेरीतून वरच्या साहेबांचं पत्र आलं की पट्टी तपासून घ्यावी. हिंमतरावांनी तपासली. पट्टी बरोबर होती. एवढं होऊन बायको हाताशी राहिली, याबद्दल ते रोज देवापुढं हात जोडत होते. बाकीचं समजून घ्यायची त्यांच्यात ताकद उरली नव्हती.

वैशाख लागल्यावर घरात भिंतीला मिठाची रेघ दिसली. जसोदाबाई जिथं झोपायची तिथं, जमिनीलगत, पांढरी, सुतासारखी सरळ. त्यांनी ती ओल्या फडक्यानं पुसली. दुसऱ्या दिवशी ती चार बोटं वर होती, आणि चारी भिंतींना होती.

"चुना खराब शे," जसोदाबाई म्हणाली.

ती बरी होती. पाणी भरायची, भाकऱ्या थापायची, गुणगुणायची. थकत नव्हती. उलट हिंमतरावांनाच हल्ली घरात चालताना पाय जड लागत, पुढं रेटावे लागत. रेघ कोनाड्यापर्यंत गेली, मग खुंटीपर्यंत. एके दिवशी पाहिली तर ती आढ्याजवळ पोचली होती. त्यानंतर त्यांनी पुसणं सोडलं.

आज सकाळी ते खाटेवर टेकून बसले होते. जसोदाबाई देवापुढं वात लावत होती आणि बुवांची चाल म्हणत होती. मध्येच तिचा आवाज थांबला. ओठ हलत राहिले. ती म्हणतच होती.

तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक बुडबुडा सुटला. हिंमतराव त्याच्याकडं पाहत राहिले. तो तिच्या कपाळावरून गेला, खुंटीवरून गेला, त्यांच्या स्वतःच्या डोक्याच्याही वर गेला, आणि आढ्याच्या जरासा खाली, रेघेपाशी पोचून फुटला.