रविवारच्या जेवणाचे पाटील

दिल्लीत जानेवारीत सकाळ होतच नाही. राखाडी काहीतरी होतं आणि लोक त्यालाच सकाळ म्हणतात. अशाच एका राखाडी वेळी, दक्षिण दिल्लीतल्या अशोकाच्या शिलालेखापाशी गिरिजा उकिडवी बसून दगडावर ओला कागद बसवत होती. सव्वादोन हजार वर्षांत त्यावरची अक्षरं झिजून नुसते ओरखडे उरलेले. म्हणून ठसा घ्यायचा. ओला कागद ब्रशने ठोकून खाचांत बसवायचा, वाळत आला की वरून शाई टिपायची. खाचा पांढऱ्या राहतात आणि लेख उमटतो. एका संशोधन संस्थेत कंत्राटावर ती हेच काम करायची, आणि कामात कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. घरी मात्र स्वतःच्या बापाचं सगळं ऐकायची.

तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक हात त्या अक्षरांकडे आला.

“हाथ मत लगाइए!” ती ओरडली.

चटका बसावा तसा हात मागे गेला. हाताचा मालक पंचविशीतला, मफलर गुंडाळलेला, आणि चेहरा असा झालेला की आपण एवढं काय बोललो ते गिरिजाला कळेना.

“सवय आहे म्हणा,” तो स्वतःशीच मराठीत पुटपुटला.

“तुम्ही मराठी? अहो, सॉरी... हाताला घाम असतो ना, त्यानं दगड खराब होतो. सगळ्यांच्याच हातानं. माझ्यासुद्धा!” तिने घाईघाईने हातमोजे वर करून दाखवले.

तो त्या मोज्यांकडे जरा वेळ बघत राहिला, आणि मग हसला. छान हसला. इतकं छान, की गिरिजाला पुढचं काम आठवेना.

“भुरभुर सुरू झाली,” तो म्हणाला.

“काय सुरू झाली?”

“भुरभुर! बारीक पाऊस. दिल्लीच्या मराठीत काय म्हणतात त्याला?”

“दिल्लीच्या मराठीत त्याला... यार, माझा कागद!”

त्याने छत्री उघडली आणि सरळ कागदावर धरली. स्वतः बाहेर, भिजत.

“अहो, तुम्ही भिजताय.”

“मी वाळेन. तुमचा कागद फाटला तर सगळं पहिल्यापासून.”

तो सुजय खिल्लारे, हिंगोलीचा. पहाडगंजला खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करत होता. पण दगडाकडे आला होता तो परीक्षेसाठी नाही.

“आमच्या घरी बुद्धवंदना झाली की आजोबा हा लेख सांगायचे,” तो म्हणाला. “धम्माच्या वाटेनं जाणं फक्त मोठ्यांनाच जमतं असं नाही, लहान माणसानं नेटानं केलं तर त्यालाही स्वर्ग मिळेल. राजानं दगडावर कोरून ठेवलंय बघा— लहान माणूस! एवढ्या जुन्या काळी आमची आठवण काढलेली आहे.”

गिरिजाला लेखातली वेलांटीन्‌ वेलांटी पाठ होती. त्यात कुणाची आठवण काढलेली आहे, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला स्वतःचीच जरा लाज वाटली.

मग काय, शनिवार ठरून गेले. कधी संग्रहालयातल्या बुद्धमूर्तींपुढे, कधी नुसतंच मेट्रोत या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेर धुरकट हवेने घसा खवखवायचा आणि हे दोघे तीन-तीन तास बोलायचे. ‘अहो’चं ‘अरे’ झालं. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं... नेमकं कधी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

“तू ना, अगदी देवानांप्रिय आहेस,” ती एकदा मेट्रोत म्हणाली.

“अशोकासारखा? की तुमच्या संस्कृत पंडितांचा?”

“म्हणजे?”

“तुला माहितीय, गिरिजा. अशोकानं स्वतःला देवांचा लाडका म्हणवून घेतलं, आणि पुढे पंडितांनी त्याच शब्दाचा अर्थ मूर्ख असा केला. तर... मी कोण?”

“लाडका,” ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. “आणि मूर्खसुद्धा. बिल्कुल!”

तो हसला, पण पुरता नाही. “अर्थ बदलायला यांना वेळ लागत नाही,” एवढंच म्हणाला आणि स्टेशन आलं म्हणून उतरून गेला. गिरिजाला ते लागलं. प्रेमातही हा माणूस दाराजवळच उभा असतो, असं तिच्या मनात आलं.

मार्चमध्ये तिने त्याला घरी जेवायला बोलावायचं ठरवलं. घर लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील अण्णासाहेब मंत्रालयात उपसचिव, आवाज न चढवता माणसाला गप्प बसवणारे.

“मित्र म्हणजे कोण? आडनाव काय?” त्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं.

“पाटील,” गिरिजा म्हणाली.

तोंडातून निघूनच गेलं. दगडावरचं अक्षर दिसत नसेल तर ही मुलगी कागदावर टिंबं देऊन जागा मोकळी सोडायची, जीव गेला तरी पदरचं अक्षर घालायची नाही. आणि इथे, स्पष्ट माहीत असलेलं नाव पुसून तिने पदरचं आडनाव घातलं. आधी माणूस बघू देत, आवडू देत, मग सांगू, अशी तिने मनाची समजूत घातली. सुजयला मात्र यातलं काही सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

रविवारी आई सुमित्राने मसालेभात केला, श्रीखंड केलं, चार ताटं मांडली. बरोबर एकला बेल वाजली.

“या, या, पाटील!” अण्णासाहेब म्हणाले.

सुजयने आधी मागे वळून पाहिलं. आपल्यामागून आणखी कुणी आलंय की काय, म्हणून. जिना रिकामा होता. मग त्याने गिरिजाकडे पाहिलं, आणि गिरिजा फरशीकडे बघत राहिली.

“पाटील नाही, काका. खिल्लारे. सुजय अंबादास खिल्लारे.” तो थांबला. “आम्ही बौद्ध.”

“अच्छा... अच्छा, अच्छा. बसा ना. सुमित्रा, चहा टाक.”

दुपारचा एक वाजलेला, घरभर मसालेभाताचा वास, मांडलेली ताटं समोर दिसत होती— आणि चहा! सुमित्राने ताटांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन खरंच आधण ठेवलं. गिरिजाला फक्त ‘आई, वाढ ना’ एवढे तीन शब्द म्हणायचे होते. ते तिला म्हणता आले नाहीत.

सुजयने चहा संपवला. परीक्षेबद्दलच्या दोन प्रश्नांना नीट उत्तरं दिली. “येतो, काका,” म्हणून उठला.

ती धावत खाली गेली. “सुजय, ऐक ना... मी सांगणारच होते. तुझी शप्पथ. माझं प्रेम आहे रे तुझ्यावर!”

हे ऐकायला तो दोन महिने आसुसलेला होता. आणि आता ते ऐकून त्याचे डोळे भरून आले, तेही रागाने.

“माझंही आहे,” तो म्हणाला. “म्हणूनच... त्यांनी नाही म्हटलं असतं ना गिरिजा, मी सोसलं असतं. पण ते ‘नाही’ माझ्या नावाला म्हणायला हवं होतं. तू माझं नावच वर आणलं नाहीस.”

“परत येशील?”

“बोलावणं कुणाला आहे, त्यावर आहे,” तो म्हणाला आणि रिंगरोडकडे चालू लागला. ती हाका मारत राहिली. त्याने वळून पाहिलं नाही.

ती वर आली तेव्हा ताटं तीन झाली होती.

“आपण काही कमी-जास्त बोललो का त्याला?” अण्णासाहेब भात कालवत म्हणाले. “पण खोटं आडनाव सांगून लोकांच्या घरात शिरायचं, हे काही बरं नाही.”

“त्यानं नाही सांगितलं, अण्णा. पाटील मी केलं.”

“तू? का?”

“तुम्हाला घाबरून.” ती तिथेच थांबली नाही. “आणि... मलाच लाज वाटली म्हणून.”

सुमित्राच्या हातातला डाव तसाच राहिला. अण्णासाहेबांनी मुलीकडे प्रथमच नीट पाहिलं.

“म्हणजे लग्नापर्यंत गेलंय हे? करणार आहेस त्याच्याशी?”

“मी करणार आहे, अण्णा,” गिरिजा म्हणाली. “तो करेल का, ते आता मला माहीत नाही.”