लेंड्यांचा चौकोन

"लेंड्या! बुटात लेंड्या, मोज्यात लेंड्या, आता गजरा करून डोक्यात माळते की काय मी!"

बाजेखाली पालथ्या पडलेल्या कोमलनं तोंडावर हात दाबला. वर बसून मोहिनीताई काडीनं रग्बीचे बूट कोरत होती आणि स्वतःशीच करवादत होती.

"म्हणे कुणाची मेंढरं! गावानं तर ठरवूनच टाकलं कुणाची ते..."

काडी मट्‌कन मोडली. मग ताईनं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि कोमलचं हसू तिथंच विरून गेलं. ताई रडत होती! परभणीच्या सामन्यात खांदा निखळायला आला तेव्हा जी 'चला गं, पुढं' म्हणून ओरडली होती, ती ताई!

चिंचवाडी रग्बी क्लबची ती कर्णधार. क्लब म्हणजे तरी काय, चौदा पोरी आणि एक लांबट चेंडू. शिवहारदादा नांदेडला कॉलेजात हा खेळ शिकला आणि गावी येताना चेंडू घेऊन आला. गावानं त्याला लगेच 'पपई' नाव ठेवलं. पुढं पळायचं आणि चेंडू मात्र मागंच द्यायचा, हा नियम ऐकून पारावरची माणसं आठवडाभर हसली होती. हंगामाची सुरुवात सपाटून मार खाण्यात गेली. मग पोरी सुधारल्या. हिंगोलीत जाऊन हिंगोलीला हरवून आल्या! आता येत्या रविवारी परतीचा सामना होता. पहिल्यांदाच आपल्या गावात, आपल्या मैदानावर!

आणि नेमक्या याच आठवड्यात रोज सकाळी मैदानभर लेंड्या पडू लागल्या.

गावात मेंढरं फक्त लिंबाजीची. लिंबाजी म्हणजे कोमल-मोहिनीचा बा. काल संध्याकाळी क्लबचे अध्यक्ष अमृतराव पारावर सगळ्यांदेखत त्याच्यावर गरजले होते. "मेंढरामागं फिरून फिरून तुझी अक्कल बी मेंढराची झाली काय रे? पोरींना जखमा होतील, जंतू होतील! असल्या मैदानावर खेळ न्हाई. रविवारी होऊ द्या एकदाचा सामना, पुढचे सगळे हिंगोलीला!"

बा मान खाली घालून उभा राहिला. आणि ताईनं घरी येऊन सांगितलं, बाच्या नावाला लागलेलं पुसलं जात नाही तोवर ती मैदानात उतरणार नाही.

कोमल बाजेखालून बाहेर आली. तिनं काही ठरवलं होतं. ज्यानं कुणी हे केलं, त्याची मान बाच्या मानेपेक्षा खाली गेलेली तिला बघायची होती. सगळ्या गावासमोर!

"आणि बघणारच!" ती म्हणाली.

"काय बघणार?" ताई दचकली. "आणि बाजेखाली काय करून राहिली होतीस गं भवाने?"

पण भवानी केव्हाच पसार झाली होती.

मैदानावर निता आणि रुद्र आधीच येऊन बसले होते. निता शिवहारदादाची बहीण. चष्मा लावायची आणि प्रश्न विचारून जीव नकोसा करायची. रुद्र अमृतरावांचा मुलगा. घरी फ्रीजभर आइस्क्रीम असून दिवसभर या दोघींच्या मागं उन्हात करपत हिंडायचा.

"शोधायचं काय?" रुद्र म्हणाला. "लेंड्या तर दिसूनच राहिल्या."

"बा मेंढरं इथून हाकत नेत असता तर लेंड्या वाटंवाटंनं सांडल्या असत्या. हे बघ की! बांधापासून मधल्या रेषेपर्यंत दाट. रेषेच्या पल्याड एक न्हाई."

"चौकोन!" निता ओरडली. "आखल्यासारखा!"

कोमल चौकोनाच्या कडेनं रांगत निघाली. जरा जरा अंतरावर जमिनीत बोटभर रुंद भोकं होती.

"मेखा ठोकल्या! इथं वाघूर लावली होती."

"वाघ?" रुद्र टुणकन गोलच्या बांबूवर चढला.

"उतर रे! वाघ न्हाई, वाघूर! मेंढरं कोंडायची जाळी. दिवसभर चरून आली की जाळी लावून एका जागी बसवतात."

"मला वाटलंच," रुद्र बांबूवरूनच म्हणाला. "मी आपलं वरून बघावं म्हणून चढलो. ए, इथं खाली कायतरी चिकटलंय!"

बांबूच्या बुडाशी लोकरीचा पुंजका होता. अंग खाजवायला मेंढरं घासली असणार. कोमलनं तो तळहातावर पसरला. लोकरीला निळा रंग लागला होता.

"आमच्या मेंढरांच्या पाठीला गेरू असतो. लाल. निळा ठिपका डोंगरकड्याच्या प्रभूमामाचा. बाजारात बघितलाय मी!"

"म्हणजे लिंबाजीकाका सुटले!" निता टाळ्या पिटत म्हणाली. मग चष्मा वर सारून तिनं विचारलं, "पण परगावची मेंढरं इथं आणून बसवायची काहून?"

कोमलनं लोकर मुठीत मिटून घेतली.

उत्तर तिला पाठ होतं. मेंढरं कुणी उगाच बसवत नसतं. बसवतात ती वावरात, खतासाठी. पावसाळ्यात तिथं काहीतरी लावायचं असतं म्हणून. मैदान म्हणजे गावचं गायरान, आणि त्याला लागून वावर एकच होतं, बांधापलीकडचं. हळदीचं. आणि चौकोन त्या बांधालाच चिकटून होता.

तिनं बांबूवर लोंबकळणाऱ्या रुद्रकडे बघितलं.

"ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "प्रभूमामालाच विचारू."

संध्याकाळी तिनं निळी लोकर बासमोर धरली. बानं ती बघितली आणि पुन्हा शेळीला पाला घालू लागला.

"बा! तुला ठाऊक होतं!"

"कोमल, आपली मेंढरं उन्हाळाभर कुणाच्या वावरात चरतात?"

ती लोकर बोटाला गुंडाळू लागली.

"गावाची हळद कुणाच्या बॉयलरात शिजते? त्यानं यंदा न्हाई म्हणलं तर? पारावर बसलेल्या सगळ्यांनाच ठाऊक हाय, बाई. बोलून कोण राहिलं?"

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीनं डोंगरकड्याला गेली. येऊ नको म्हणून कोमलनं रुद्रला तीनतीनदा सांगितलं. ऐकेल तर तो रुद्र कसला! भेळ घेऊन आधीच खिडकीत बसला होता.

प्रभूमामा बाभळीखाली लोकर कातरत होता. प्रश्न ऐकून तो मोकळेपणानं हसला.

"व्हय, माझीच मेंढरं! अमृतरावांनी बोलावलं. म्हणले, मैदानाचा तुकडा वावरात घेऊन राहिलो, यंदा हळद लावायची. दिवस बुडाल्यावर ये आणि उजाडायच्या आत ऊठ. आमी तसंच केलं. पण एक सांगतो पोरी, लई वंगाळ वाटलं. मेंढरं उठताना मालक धनगराला नारळ देतो, हात जोडतो. यांनी नारळ तर न्हाईच दिला, वर म्हणले, गावातून जाऊ नको, नाल्यानं जा. आमी काय चोर हाव का?"

निता एकदम भेळेचा कागद वाचू लागली. रुद्रचे कान लालबुंद झाले.

कोमलच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. इतका गोड बदला! कुणावर ओरडायला नको, भांडायला नको.

"मामा," ती साळसूदपणे म्हणाली, "रविवारी सकाळी चिंचवाडीला या. मालक तिथंच असतील, नारळ घेऊन. मागून घ्या! तुमचा मानच हाय तो."

परतीच्या गाडीत रुद्र खिडकीबाहेर बघत बसला. गाव दिसायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "तुला जे करायचं ते कर. मला सांगू नको."

"बरं," कोमल म्हणाली. तिला वाईट वाटलं. पण पारावर खाली गेलेली बाची मान आठवली आणि तिनं ते वाईट वाटणं चावून गिळून टाकलं.

रविवारी उन्हाच्या आधी, सकाळीच गाव मैदानावर लोटलं. क्लबच्या पोरींनी झाडून झाडून जमीन लख्ख केली होती. हिंगोलीच्या पोरी टेम्पोतून आरोळ्या मारत उतरल्या. शिवहारदादा चुन्याच्या रेषा मारत होता आणि दर मिनिटाला मोहिनीताईकडे बघत होता. ताई कडेला घरच्या कपड्यांत बसली होती. सगळ्यांच्या मागं, बाभळीला टेकून बा.

अमृतरावांनी माइक घेतला. "गावकरी हो! आज या मैदानावर शेवटचा सामना. पोरींच्या तब्येतीची मला काळजी. म्हणून मी जड मनानं..."

त्यांनी नारळ फोडायला हात उचलला, आणि गर्दीतून आवाज आला.

"मालक! फोडू नका, फोडू नका! तो माझा हाय!"

नवं धोतर, गुलाबी पटका, अंगात उत्साह. प्रभूमामा थेट अमृतरावांसमोर जाऊन हात जोडून उभा राहिला. माइक चालूच होता.

"राम राम! तुमच्या या वावरात मेंढरं बसवली, त्याचा नारळ राहिला की! आणि म्हणत असाल तर दोन रोज अजून बसवतो. अर्धं मैदान कोरडंच ऱ्हायलंय."

हिंगोलीच्या पोरी टेम्पोवर चढून बघू लागल्या.

"क... कोण हा? मी वळखत न्हाई याला!" अमृतरावांनी नारळ पाठीशी लपवला.

"आँ? वळखत न्हाई? आवं, या बांधावर उभं राहून तुमीच तर मेखांच्या जागा दाखवल्या!"

कोमल पुढं धावली आणि तिनं निळी लोकर उंच धरली. "ही गोलच्या बांबूला सापडली! आमच्या मेंढरांना लाल गेरू असतो! सगळ्यांनी बघा!"

म्हातारे उकंडराव काठी टेकत आले. त्यांनी लोकर बघितली, मेखांची भोकं बघितली आणि कोमलच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास गं पोरी! धनगराचं लेकरू शोभतीस! लिंबाजी, तुझ्यावर उगाच आळ आला बाबा. पुढं ये, असा मागं काहून उभा?"

"खरंय, खरंय! हुशार पोरगी!" चारी बाजूंनी माणसं बोलू लागली. बाला पुढं आणलं. कुणीतरी त्याला खुर्ची दिली. मोहिनीताई बूट पायात चढवू लागली. अमृतरावांची मान खाली गेली होती, अगदी कोमलनं मनात धरली होती तितकी.

पण मग उकंडराव खाकरले. "बरं, काहीतरी गैरसमज झाला म्हणायचा. ऊन वाढून राहिलं. करा सामना सुरू!"

"व्हय व्हय, गैरसमज!" अमृतरावांनी लगेच मान वर केली. माणसं माना डोलवू लागली. कुणी चपलेकडे बघत होतं, कुणी आभाळाकडे.

कोमल गार पडली. एवढंच? शाबासकी तिला, खुर्ची बाला, आणि मैदान? तिला ओरडायचं होतं. पण समोर रुद्र उभा होता. त्याच्या बापाबद्दल त्याच्यासमोर ते बोलायचं म्हणजे...

रुद्रनं तिच्याकडे एकदा बघितलं. मग तो चालत गेला आणि त्यानं वडिलांच्या हातातला माइक घेतला. कर्ण्यातून खरखर आली.

"पप्पा, गैरसमज न्हाई झाला. हे वावर आपलं न्हाई. हे गावाचं मैदान हाय, आणि तुमी ते चोरून राहिले."