खंडेनवमीची वळवणी

२०७१ साली विदर्भातली वावटळ आपल्या मर्जीने कुठे जात नव्हती. छपरे, बैलगाड्या उचलून नेणारी सोंड ढगातून खाली उतरली, की नागपूरच्या केंद्रातून तिची ‘वळवणी’ होई. उपग्रहावरून सूक्ष्मलहरी सोडून सोंडेच्या एका बाजूची हवा तापवायची, की सोंड त्या बाजूला सरकते. तिला थांबवण्याची विद्या मात्र कुणाला साधली नव्हती. एका ठिकाणची ब्याद दुसरीकडे जाणारच, आणि कुठे ते माणसाने ठरवायचे.

त्या दुपारी ते केंद्रातल्या डॉ. शाल्मली ओगले यांनी ठरवले. सोंड बोरगव्हाण गावावर चालून येत होती. गावाबाहेर कापसाचे जिनिंग होते, तिथेच गावाचे पोट. लोकांचे फोन तपासायला कायद्याची बंदी, म्हणून माणसे कुठे आहेत हे यंत्रणा विजेच्या वापरावरून ओळखे. गावात घरोघरचे फ्रिज चालू होते. जिनिंगमध्ये वापर शून्य. हातात चार मिनिटे होती. शाल्मलीबाईंनी वावटळ जिनिंगवर घातली.

दिवस खंडेनवमीचा होता. यंत्रे बंद ठेवून त्यांची पूजा करायला सारे गाव जिनिंगमध्ये जमले होते. उपग्रहाला खंडेनवमी ठाऊक नसणार, हे समजण्यासारखे आहे. पण बाईंनी सकाळी स्वतःच्या संगणकाला झेंडूचे फूल वाहिले होते. एकसष्ट माणसे गेली.

वरिष्ठांनी बजावूनही त्या तिसऱ्या दिवशी बोरगव्हाणला गेल्या. जिनिंगमधले जुने फिटर लहानुजी भोयर यांनी त्यांना ओसरीवर बसवून पाणी दिले. लहानुजींची मुलगी रेणुका त्या दिवशी जिनिंगमध्ये आरतीचे ताट धरून उभी होती; गेलेल्यांत तीही होती. बाईंनी काही न लपवता सगळे सांगितले. वळवली नसती तर गावात किती मेले असते, एवढेच म्हाताऱ्याने विचारले. कुणीच नाही, असे त्यांना सांगावे लागले.

“माह्या बापाच्या वक्ती वावटळीनं चार मानसं नेली,” लहानुजी म्हणाले. “देवाची करनी म्हनून आमी रडून मोकये झालो. आता तुमी समोर बसून पानी पेता. तुमाले शिव्या द्याले तोंड उघडत नाही, अन् देवालेबी देता येत नाही.”

शाल्मलीबाईंना फार वाईट वाटले, पण क्षमा मागायचा धीर झाला नाही.

“पुन्यांदा आली तर सोडून द्या तिले,” ते म्हणाले. “जाऊ द्या तिच्या मनानं.”

“आता तसं होणार नाही, काका,” त्या म्हणाल्या. “नाही वळवली, तरी ती मीच सोडलेली असेल.”